अमूर्तता आणि भावनेची मिरासदारी
अमूर्तता म्हणजे भावनेची हकालपट्टी, हा आक्षेप भावनेला विषयाची बटीक समजतो. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९२२ मध्ये ढगांची छायाचित्रे घ्यावयास आरंभ केला, तो नेमका हाच समज खोडण्यासाठी. पुढे ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मालिकेत बहुधा क्षितिज नाही. त्यामुळे वर-खाली, दूर-जवळ यांच्या खुणा पुसल्या जातात. ढग ढगच राहतो, कारण कॅमेऱ्याला वस्तू टाळता येत नाही. तरीही प्रत्ययास येतो तो काळ्या-करड्या छटांमधील ताण. हा ताण म्हणजे कलावंताच्या मनःस्थितीची नक्कल, असे मानणारे अमूर्ताचे समर्थकही तितकेच चुकतात. स्टिग्लिट्झचा स्वतःचा दावाही येथे पुरावा ठरत नाही. भावना रूपबंधात घडते. समीक्षेने प्रथम तो रूपबंध वाचावा.