मोटारवाहतुकीचा इतिहास आणि मराठीचे अभ्यासक

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय मागू लागला की आपण अध्यापक मंडळी सवयीने एखादा कवी वा कादंबरीकार त्याच्या स्वाधीन करतो. मोटारवाहतुकीचा इतिहास हा विषय कोणी सुचविलाच, तर त्याची बोळवण अभियांत्रिकीकडे किंवा फार तर इतिहास विभागाकडे होते. या धारणेचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठीच हे टिपण.

महाराष्ट्रातील मोटारउद्योगाचा इतिहास अगदीच अलिखित नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करणाऱ्या वालचंद हिराचंद यांचे चरित्र गं. दे. खानोलकर यांनी मराठीत लिहिले आहे. परंतु कारखानदाराचे चरित्र म्हणजे मोटारीचा संपूर्ण इतिहास नव्हे. गाडी चालविणारा, दुरुस्त करणारा आणि तिच्यात बसून तालुक्याच्या गावी शिकावयास जाणारा माणूस त्यात येत नाही. त्याचा इतिहास बहुतांशी बोलण्यात आहे, आणि म्हणूनच तो आपल्या कक्षेत येतो.

१ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, हे सर्वश्रुत आहे. नागपूरच्या अभ्यासकाला मात्र १९५६ हे वर्ष अधिक मोलाचे वाटावे. हैदराबाद संस्थानात निजाम सरकारची बससेवा १९३२ पासूनच होती आणि तेथील राज्यकारभार उर्दूत चाले. नागपूर ही हिंदी-मराठी अशा द्विभाषिक मध्यप्रांताची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची आणि विदर्भाची सरकारी वाहतूक पुढे एसटीत विलीन झाली. या तीन परंपरांची परिभाषा आगारांत कशी मिसळली, कोणते शब्द टिकले आणि कोणते लोपले, हा प्रश्न भाषाभ्यासकाने नाही तर कोणी सोडवावा?

एकेका शब्दामागेही इतिहास असतो. 'स्टेपनी' हे वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्याशी जोडलेले, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुट्या चाकाचे व्यापारी नाव. ब्रिटनमध्ये ते जवळजवळ विस्मरणात गेले. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात आजही नांदते आहे. १९८२ च्या दिल्लीतील क्रीडास्पर्धांमुळे एसटीची निमआराम गाडी 'एशियाड' झाली. पश्चिम महाराष्ट्रात लोक 'वडाप'ने जातात, विदर्भात 'काळी-पिवळी'ने. 'मुक्कामी गाडी' या शब्दाभोवती तर खेड्याचा सारा दिनक्रम फिरत असे.

साहित्यविचाराच्या दृष्टीनेही हे क्षेत्र समृद्ध आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये अपघाताने खोळंबलेल्या एसटीमुळेच नाना थरांतील माणसे एकत्र बोलती होतात. गावात जातीची उतरंड पाळणाऱ्या माणसांवर एकाच बाकावर शेजारी बसण्याची वेळ आली तेव्हा काय घडले, याचा शोध ग्रामीण व दलित आत्मकथनांतून पद्धतशीरपणे घेता येईल. केवळ स्मरणरंजन करणाऱ्या लेखनापेक्षा असे संशोधन निश्चितच वेगळे ठरेल.

साधने दूर नाहीत. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे राष्ट्रीय महामार्ग नागपुरात मिळतात. गणेशपेठ व मोरभवन स्थानकांवर काम केलेले वाहक-चालक, वाडी परिसरातील ट्रकचे मिस्त्री, जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती हे सारे हाताशी आहे. विद्यार्थ्याने एक आगार किंवा एकच मार्ग निवडावा, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, बोलणाऱ्याचे शब्द प्रमाणभाषेत 'सुधारून' न घेता जसेच्या तसे उतरवावेत आणि उपलब्ध कागदपत्रांशी ताडून पाहावेत.

विलंब मात्र परवडणारा नाही. १९५६ साली विशीत असलेला चालक आज नव्वदीच्या घरात आहे. कादंबरी पुढील वर्षीही ग्रंथालयात मिळेल; या चालकाची भेट होईलच असे नाही. येत्या वर्षी विषयांची यादी करताना प्रत्येक मार्गदर्शकाने निदान एक विद्यार्थी आगाराकडे पाठवावा, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.