सेमिनारातला चहा आणि मरिचझापीचं पाणी

परवा रात्रपाळी सुटली नि तसाच एका सेमिनारला गेलो. विषय : फौजदारी न्याय आणि निर्वासितांचा कायदा. सकाळच्या सत्रात गुन्हेगार, दुपारच्या सत्रात निर्वासित. मधे जेवण.

विद्वानहो, आमच्या माणसाला दोन सत्रं लागत नाहीत. हाकलला जातो तोच, आरोपी होतो तोही तोच.

मरिचझापी घ्या. पूर्व पाकिस्तानातून आलेले, बहुतेक नमःशूद्र. १९४६ साली याच समाजाच्या जोगेंद्रनाथ मंडलांनी बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणायला जिवाचं रान केलं. आधी आलेल्या भद्रलोकांच्या कलकत्त्याभोवती वसाहती झाल्या. ह्यांना दंडकारण्याच्या खडकाळ रानात नेऊन टाकलं. १९७८ साली हजारो जण तिथून निघून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर आले. झोपड्या, शाळा, मासेमारी, सगळं स्वतःच्या हातानं उभं केलं.

विरोधात असताना 'यांना बंगालातच वसवा' म्हणणारे डावे आता सत्तेवर होते. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. राखीव जंगल! झालं, निर्वासिताचा अतिक्रमणवाला झाला. जानेवारी १९७९ मध्ये १४४ कलम लागलं. पोलिसांच्या लाँचांचा बेटाला वेढा. धान्य बंद, औषध बंद, गोडं पाणी बंद.

ही नाकेबंदी आपल्याला नवी नाही. पाणवठा बंद, दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. गाव आपल्यावर हेच कलम लावत आलंय. फरक एवढाच की तिथं गावाच्या जागी सरकार होतं.

३१ जानेवारीला गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. सरकारी आकडा : मेले दोन. जगले-वाचलेले शेकड्यांनी मोजतात. शिक्षा एकाही अधिकाऱ्याला नाही.

हे मी उभं राहून बोललो. एक विद्वान म्हणाले, भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही. खरंय, आणि सही झालीच पाहिजे. पण साहेब, त्या करारात निर्वासित म्हणजे देशाची हद्द ओलांडलेला. महारवाड्यातनं, मांगवाड्यातनं रातोरात पळालेल्यानं फक्त गावाची वेस ओलांडलेली असते. त्याच्यासाठी कुठला करार?

त्यावर चहा आला.

पेपर वाचा, जरूर वाचा. पण पुढच्या वेळी एकच सत्र ठेवा : ज्याला हाकललं, त्यालाच आरोपी कुणी केलं? आणि पहिल्यांदा त्यालाच बोलू द्या. आम्ही रात्रपाळी करूनही जागे राहू.