सूर्य झाकण्याचा अधिकार कोणाचा?

१९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले. स्थितांबरात सल्फेटचे कण पसरवून तेच साधावे, असा सौर भूअभियांत्रिकीच्या समर्थकांचा आग्रह आहे. त्या उद्रेकानंतर जगभरच्या भूभागावरील पाऊसही घटला होता, याचा उच्चार मात्र दबक्या आवाजात होतो. मोसमी पावसावर जगणाऱ्या भारताला हा तपशील किरकोळ मानणे परवडणारे नाही.

नियमन केल्यास या तंत्राला प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु मौन म्हणजे बंदी नव्हे. २०२२ मध्ये एका अमेरिकी नवउद्योगाने मेक्सिकोतून सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले. बंदीची घोषणा त्यानंतर झाली. २०२४ मध्ये नैरोबीत, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत, याविषयीचा ठराव एकमताअभावी मागे घ्यावा लागला.

हे कण वर्षा-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो आणि समुद्राचे आम्लीकरण चालूच राहते. उत्सर्जन न घटवता केलेली फवारणी थांबली, की दडलेली तापमानवाढ काही वर्षांतच उसळेल. म्हणून भारताने बंधनकारक कराराची मागणी करावी, आणि त्याचे पहिले कलम उत्सर्जनकपातीचे असावे.