पट्ट्या पूर्ण, तरी नेट का नाही?

भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या एखाद्या क्वार्टरमध्ये मुलाचा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी अडकला, की सारे घर मोबाइलवरच्या वाय-फायच्या पट्ट्या पाहू लागते. पट्ट्या पूर्ण, पण पान उघडत नाही! कारण वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तो राउटर आणि मोबाइल यांच्यातला बिनतारी दुवा. इंटरनेट येते बाहेरच्या तारेतून, हल्ली बहुधा फायबरच्या. राउटर ते घरात वाटतो आणि प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो. तो बरेचदा 192.168 ने सुरू होतो. हे जणू घरातल्या खोल्यांचे क्रमांक, पोस्टमनला त्यांचा उपयोग नाही.

राउटरची दोन नावे दिसत असतील, तर आतल्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्झचे निवडावे. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरे, पण विटांच्या भिंतींपुढे लवकर दमते.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा संकेतच पोचत नाही. मग पासवर्ड बदलत बसू नये. तक्रार नोंदवावी आणि अर्ज मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवावा.