धावपट्टीच्या टोकाचा अनारसा

वाचकहो, दिवाळी अंकात चकली-कडबोळ्यांचे कौतुक सोडून हा गृहस्थ विमानांची गोष्ट काय काढून बसला, असे आपण म्हणाल. पण गोष्ट शेवटी अनारशाचीच आहे. जरा धीर धरा.

विमान उतरवणे कठीण, हे आपण सारेच ऐकून असतो. पण उतरलेले विमान वेळेवर थांबवणे ही निराळीच विद्या आहे. १८ जानेवारी १९११ रोजी युजीन इली नावाच्या वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर विमान उतरवले. नौकेवर फळ्यांचा माचा बांधून त्यावर आडवे दोर ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या! विमानाखालच्या आकड्यांनी दोर पकडले, पिशव्या फरफटत आल्या आणि विमान थांबले. युक्ती तीच, पण आज दोराच्या जागी पोलादी तार आली आहे. आपल्या गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलासाठी बनवलेले ‘तेजस’ अशीच तार पकडून थांबले.

प्रवासी विमानाला मात्र आकडा नसतो. त्याच्या दृष्टीने ती तार म्हणजे वाटेतला उंबरठा. म्हणून लढाऊ आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात, तिथे तार कुठे ठेवायची आणि कुठून हलवायची, याचा फार विचार करावा लागतो. काही ठिकाणी ती खाचेत दडवतात आणि हवी तेव्हाच वर काढतात.

मग माणसांनी भरलेले विमान धावपट्टी ओलांडून निघाले, तर त्याला धरायचे कोणी? इथे आपला अनारसा येतो. धावपट्टीच्या टोकापलीकडे हलक्या, जाळीदार सिमेंटच्या ठोकळ्यांची गादी घालतात. चाके वर आली की ठोकळे चुरतात, चाके रुततात आणि विमानाचा वेग त्या चुऱ्यात जिरतो. ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने आलेले विमान थांबावे, असा साधारण हिशेब असतो.

पण गादी एकदा घातली आणि विसरलो, असे चालत नाही. जेटचा झोत आणि पाऊसपाणी यांनी ती खराब होते. चुरलेले ठोकळे बदलावे लागतात. धावपट्टीचे टोक सरकवले तर गादीही नव्या जागी, नव्याने रचावी लागते. आता हिशेबनीस विचारणारच, “जी वस्तू कधी वापरावी लागू नये अशी आपली इच्छा, तिच्यावर एवढा खर्च?”

त्याला मी कॅलिफोर्नियातल्या बरबँकची गोष्ट सांगेन. ५ मार्च २००० रोजी तिथे एक बोइंग ७३७ धावपट्टी संपल्यावर कुंपण तोडून थेट रहदारीच्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाजवळ जाऊन थांबले. दोघांना गंभीर दुखापत झाली. त्यानंतर तिथे गादी घातली गेली. वर्षे गेली, गादी नुसती पडून होती. ६ डिसेंबर २०१८ रोजी भर पावसात दुसरे ७३७ त्याच टोकाला घसरत आले. ११७ माणसे आत होती. ठोकळे चुरले, विमान थांबले आणि कोणाला खरचटलेही नाही!

आपल्याकडच्या आठवणी इतक्या गोड नाहीत. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ माणसे गेली, ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला २१. दोन्ही धावपट्ट्या टेकडीचा माथा सपाट करून केलेल्या. संपल्या की पुढे उतार. अशा जागी वैमानिकाची चूक काढणे सोपे असते. पण चूक माणसाकडून व्हायचीच, हे धरून टोकाशी जागा राखणे आणि जागा नसेल तिथे गादी घालणे, हे शहाणपणाचे काम आहे.

तेव्हा यंदा घरच्या अनारशाला जाळी पडली नाही, तर गृहिणीला बोल लावू नका. धावपट्टीच्या टोकाशी जाळी आहे का, हे मात्र ज्याला विचारायचे त्याला जरूर विचारा.