पडदा आपला, किल्ली कोणाची?

शुक्रवारचा पहिला खेळ. तिकिटे विकली गेली आहेत, प्रेक्षक स्थानापन्न झाले आहेत. प्रोजेक्टरचा दिवा लागतो, ध्वनियंत्रणा चोख आहे आणि चित्रपटही सर्व्हरमध्ये पूर्णपणे उतरवलेला आहे. तरीही पडदा काळाच राहतो. यंत्रात बिघाड नाही, चित्रपटातही दोष नाही. नाही ती केवळ काही किलोबाइट आकाराची एक संगणकीय फाईल, म्हणजेच त्या चित्रपटाची किल्ली. डिजिटल सिनेमाच्या व्यवस्थेत हा प्रसंग कोणत्याही चित्रपटगृहावर ओढवू शकतो. जुन्या यंत्रांचे सुटे भाग बदलण्याची वेळ जसजशी येऊ लागली आहे, तसतशी त्याची शक्यता वाढते आहे.

रिळांच्या काळात चित्रपट हाती आला की तो दाखवता येत असे. पेट्यांना वाटेत उशीर होई, फिल्म तुटे, ऑपरेटर ती जोडून घेई, पण रीळ प्रोजेक्टरवर चढले की खेळ थांबवणारे दुसरे कोणी नसे. डिजिटल तंत्राने चित्रपट आणि तो दाखवण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चित्रपट चित्रपटगृहात येतो. परवानगी मात्र दुसऱ्याच्या हाती राहते.

या व्यवस्थेचा आराखडा हॉलिवूडच्या सात मोठ्या स्टुडिओंनी २००२ साली स्थापन केलेल्या ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ज’ अर्थात डीसीआय या संस्थेने घालून दिला. तिची पहिली तांत्रिक संहिता जुलै २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. या संहितेप्रमाणे चित्र सेकंदाला कमाल २५० मेगाबिट या वेगाने साठवता येते, म्हणजे तासाभराच्या चित्रपटाला शंभर गिगाबाइटहून अधिक जागा लागू शकते. हा सारा ऐवज १२८ बिटच्या सांकेतिक कुलपात बंद करून पाठवला जातो. कुलूप उघडणारी किल्ली स्वतंत्रपणे, बहुधा ई-मेलने येते. व्यवसायात तिला ‘केडीएम’ म्हणतात.

ही किल्ली सरसकट चालत नाही. ती एका चित्रपटाच्या एकाच आवृत्तीसाठी, एकाच यंत्रासाठी आणि ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच लागू असते. चित्रपट शेजारच्या पडद्यावर हलवायचा झाला तरी त्या पडद्याच्या सर्व्हरची किल्ली निराळी लागते. यंत्राचे घड्याळ मागे सारून मुदत वाढवावी, तर तीही सोय नाही. हे घड्याळ वर्षभरात जास्तीत जास्त सहा मिनिटांनी पुढेमागे करता येते.

किल्ली यंत्राशी बांधली जाते ती प्रमाणपत्राच्या आधारे. सर्व्हरमधील ‘मीडिया ब्लॉक’ नावाच्या सुरक्षित भागात एक गुप्त संकेतांक असतो आणि तो बाहेर काढता येत नाही. त्याचा जोडीदार असलेला जाहीर संकेतांक प्रमाणपत्राच्या रूपाने किल्ली बनवणाऱ्यांकडे नोंदवलेला असतो. त्या नोंदीवरून बनवलेली किल्ली जगात फक्त त्याच यंत्रात उघडते. मीडिया ब्लॉक कोणी खोलण्याचा प्रयत्न केला, तर आतील गुप्त संकेतांक पुसला जातो. यंत्र खोलून चोरी करणाऱ्याला रोखण्यासाठी केलेली ही तजवीज आहे. पण आतील बॅटरी संपली, तरी परिणाम तोच होतो. चोर आणि म्हातारपण यांत यंत्र फरक करीत नाही.

मीडिया ब्लॉक बदलला की ओळख बदलते. नवा भाग बसवल्यावर आधी त्याची प्रोजेक्टरशी अधिकृत जोडणी करावी लागते. तंत्रज्ञांच्या बोलीत या सोपस्काराला ‘मॅरेज’ म्हणतात आणि त्यासाठी माणूस यंत्रापाशी प्रत्यक्ष हजर असावा लागतो. मग नवे प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, अनुक्रमांकासह ते किल्ली देणाऱ्या प्रत्येक संस्थेला कळवायचे, त्यांनी जुनी नोंद रद्द करून नवी करायची, चालू आणि येत्या चित्रपटांच्या किल्ल्या नव्याने काढायच्या आणि खेळापूर्वी प्रत्येकीची चाचणी घ्यायची. जुन्या यंत्रासाठी आलेल्या साऱ्या किल्ल्या या क्षणापासून निरुपयोगी ठरतात. यातील एकही पायरी अवघड नाही. पण चार वितरकांचे चित्रपट चालू असतील तर चार ठिकाणी पाठपुरावा करावा लागतो. एका ठिकाणी जरी जुनी नोंद राहिली, तरी नवी म्हणून आलेली किल्ली जुन्याच यंत्राची निघते. ही चूक बहुधा शुक्रवारी सकाळी उघडकीस येते. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीकडे हे काम पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. एकपडदा चित्रपटगृहात तिकीटखिडकी सांभाळणाऱ्या व्यवस्थापकालाच ते करावे लागते. तंत्रज्ञ बाहेरगावाहून यायचा असेल, तर आठवड्याचे उत्पन्न बुडते.

हा प्रश्न आताच ऐरणीवर येण्याचे कारण यंत्रांचे वय आहे. फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रपटाच्या फिल्मचे उत्पादन थांबवले. पॅरामाउंटने त्याच सुमारास अमेरिकेत ३५ मिलिमीटरच्या प्रती देणे बंद केले. त्या काही वर्षांत जगभरातील चित्रपटगृहांनी घाईने यंत्रे बदलली. ती यंत्रे आता दहा-बारा वर्षांची झाली आहेत. सोनीने २०२० मध्ये डिजिटल सिनेमा प्रोजेक्टरच्या विक्रीतून माघार घेतली. रिळांचा प्रोजेक्टर गावातला कारागीर पिढ्यान् पिढ्या चालता ठेवू शके. प्रमाणपत्राचे यंत्र मात्र निर्मात्या कंपनीच्या संमतीशिवाय दुरुस्त होत नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हॉलिवूडच्या संहितेतील यंत्रे परवडत नसल्याने आपल्याकडील अनेक चित्रपटगृहांनी यूएफओ मूव्हीज, क्यूब अशा सेवादात्या कंपन्यांची यंत्रे भाडेकराराने घेतली. काही व्यवस्था हॉलिवूडच्या संहितेबाहेरच्या आहेत आणि त्यांची कुलपे स्वतःची आहेत. तत्त्व मात्र एकच आहे. यंत्र, कुलूप आणि किल्ली एकाच कंपनीकडे असली, की चित्रपटगृहाचा मालक आपल्याच वास्तूत भाडेकरू होतो. निर्मात्यालाही याची झळ बसते. कंपन्या आकारत असलेल्या शुल्काच्या विरोधात दक्षिणेतील निर्मात्यांनी १ मार्च २०१८ पासून नवे चित्रपट देणे थांबवले होते. तामिळनाडूत तो संप एप्रिलपर्यंत चालला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने यूएफओ, तिची उपकंपनी स्क्रॅबल आणि क्यूब यांना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख रुपयांचा दंड ठोठावला. भाडेकरारांत अन्य पुरवठादारांचे चित्रपट दाखवण्यास आडकाठी करणाऱ्या अटी असल्याचा आयोगाचा निष्कर्ष होता. कुलपाचा प्रश्न केवळ तांत्रिक नसून बाजारातील सत्तेचाही आहे, हे या आदेशाने अधोरेखित केले.

कुलूप नकोच, असे मात्र म्हणता येणार नाही. पायरसीची भीती खरी आहे. मराठीतील लहान निर्मात्याचा चित्रपट पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर फिरू लागला, तर त्याची वर्षांची कमाई जाते. म्हणूनच २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चोरट्या चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठरवला. डीसीआयच्या व्यवस्थेत चित्रात अदृश्य खूणही उमटवली जाते. चोरलेली प्रत कोणत्या पडद्यावरून आणि केव्हा घेतली, हे तिच्यावरून शोधता येते. ही तरतूद प्रेक्षकाला त्रास न देता आपले काम करते. प्रामाणिक चित्रपटगृहाने चोराच्या वाटणीचा दंड भरू नये, एवढीच अपेक्षा आहे.

गोव्याला या विषयाचे महत्त्व अधिक आहे. २००४ पासून इफ्फीचे यजमानपद आपल्याकडे आहे. महोत्सवात प्रत्येक परदेशी चित्रपटाची किल्ली ठरावीक पडद्यासाठी आणि ठरावीक वेळेसाठी येते. ऐनवेळी स्थळ बदलले, तर परदेशातील कचेरी उघडण्याची वाट पाहावी लागते. त्याहून खोल प्रश्न जतनाचा आहे. निर्मिती संस्था बंद पडली, किल्ली बनवणारी प्रयोगशाळा मिटली, तर उरते ती कुलूपबंद हार्ड डिस्क. जागतिक चित्रपट संग्रहालयांचा महासंघ ‘फिआफ’ म्हणूनच संग्रहालयांनी कुलूप नसलेली प्रत मागून घ्यावी, असे सुचवतो. मराठी आणि कोंकणी चित्रपटांचे कर्ते बहुधा एकेकटे, तुटपुंज्या भांडवलावर उभे असतात. त्यांच्याबाबत हा धोका सर्वाधिक आहे.

उपाय आवाक्यातले आहेत. यंत्र बदलल्याची नोंद एकदाच करावी आणि ती साऱ्या किल्ली देणाऱ्यांपर्यंत पोहोचावी. त्यासाठी लागणारे सामाईक नमुने तंत्रज्ञांनी केव्हाच तयार केले आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी किल्ली देणारी कचेरी पहिला खेळ सुरू होईपर्यंत फोन उचलणारी हवी. भाग बदलण्याची मुदत आणि खोळंब्याची भरपाई भाडेकरारात लिहिलेली असावी. आणि गोवा सरकार चित्रपटांना अर्थसाहाय्य देते, तेव्हा कुलूप नसलेली एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची अट त्यासोबत असावी.

सार्वजनिक पैशातून घडलेला चित्रपट वीस वर्षांनी कोणाला पाहावासा वाटला, तर त्याला किल्ली शोधत हिंडावे लागू नये.