नवी माणसं, जुना प्रश्न

नव्या माणसांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून पैसे भरून चालायला जायची टूम निघाली आहे. दहा-बारा माणसं, एक वाटाड्या, एक दिवस. आमच्या हिनं माझं नाव परस्पर घातलं आणि श्रावणातल्या एका रविवारी मी पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला दाखल झालो.

विंचरणा नदी कड्यावरून उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ. माणसानं तोंड मिटून बघत राहावं! पण ओळखपरेड सुरू झाली. नाव सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. "म्हणजे तुम्ही कोणते?" धबधबा बिचारा ओरडत राहिला. पायऱ्या उतरेपर्यंत बाराजणांचे तीन कंपू झाले, आणि डबेही त्याच हिशेबानं उघडले. मीसुद्धा मुकाट्यानं माझ्या कंपूत बसलो. वाटेत शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी "कोणतं गाव, पाव्हणं?" असं विचारलं, तर एकही जण थांबला नाही. ते 'नव्या माणसांत' मोडत नसावेत.

अहो, मुक्ताईची पालखी पंढरीला आमच्या बीडवरूनच जाते. तिथं अनोळखी माणूस अनोळखी माणसाला 'माउली' म्हणतो आणि पुढं चालू लागतो. चालण्याची ही रीत घरात असताना आपण पैसे मोजून शिकलो काय, तर जात हुंगायला!

तेव्हा वाटाड्यांनो, निघताना पाण्याच्या बाटल्या तपासता ना? तशी आडनावंही जमा करून घ्या. संध्याकाळी परत करा. कुणी मागितलीच तर.